सहन आणि साहस : स्त्रियांच्या लष्करी व पोलीस प्रशिक्षणाचे अर्थक्षेत्र

घटक ६

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला,
• ‘अर्थक्षेत्र’ ही संकल्पना सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• ‘सह्’ आणि ‘क्षम्’ या धातूंपासून आलेल्या मराठी शब्दांतील अर्थभेद सांगता येईल.
• सोसणे, पेलणे, झेपणे, टिकणे या क्रियापदांच्या वाक्यरचनेतील फरक ओळखता येईल.
• स्त्रियांच्या लष्करी व पोलीस प्रशिक्षणातील दम आणि चिकाटी यांचा शब्दनिवडीशी असलेला संबंध विशद करता येईल.

६.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थोत्कर्ष आणि अर्थापकर्ष हे अर्थपरिवर्तनाचे प्रकार आपण मागील घटकात अभ्यासले. या घटकात त्या संकल्पनांचा उपयोग आपल्या आजूबाजूच्या एका जिवंत विषयासाठी करावयाचा आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत पोलीस भरतीचे दिवस जवळ आले, की गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यांवर आणि शाळांच्या पटांगणांवर पहाटेच धावणाऱ्या मुली दिसू लागतात. त्यांच्याविषयी बोलताना आपण सोशीक, काटक, चिवट, जिद्दी, धाडसी, मर्दानी अशी विशेषणे सहज वापरतो. ती सर्व कौतुकाची आहेत. तथापि ती समानार्थी नाहीत. ‘ती फार सोशीक आहे’ आणि ‘तिच्यात दम आहे’ या दोन वाक्यांत भाषा जो भेद करते, तो मैदानावरही खरा ठरतो. प्रशिक्षणार्थी मुलगी दुखणे सांगते की लपवते, यावर तिच्या पायाचे हाड आणि पुष्कळदा तिची नोकरी अवलंबून असते. म्हणून या शब्दांचा विचार आपण थोड्या बारकाईने करणार आहोत. आपल्यापैकी काही जण स्वतः पोलीस दलात असतील, काहींच्या घरी भरतीची तयारी करणारी मुलगी किंवा बहीण असेल. त्यांनी आपला अनुभव या विवेचनाशी ताडून पाहावा.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ अर्थक्षेत्र म्हणजे काय?

एकाच विषयाशी निगडित असलेले शब्द भाषेत सुटे सुटे नसतात. ते एकमेकांच्या सीमा ठरवीत एक क्षेत्र व्यापतात. जर्मन अभ्यासक योस्ट ट्रिअर यांनी १९३१ मध्ये ही कल्पना पद्धतशीरपणे मांडली. पावसासाठी मराठीत भुरभुर, रिमझिम, सर, झड, मुसळधार हे शब्द आहेत. ‘झड’ म्हणजे काय हे कळण्यासाठी ती ‘सर’ नव्हे हे कळावे लागते. सर येते आणि जाते. झड लागते आणि दिवसच्या दिवस राहते. म्हणजे शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांमुळेही निश्चित होतो. कष्ट, सहनशक्ती, चिकाटी आणि धैर्य यांचे शब्दही असेच एकमेकांच्या शेजारी राहतात. ते क्षेत्र आता पाहू. पण त्याआधी ज्या जीवनसंदर्भात ते शब्द वापरले जातात, त्याची ओळख करून घेऊ.

६.२.२ प्रदेश आणि प्रशिक्षणाचा संदर्भ

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी या नद्यांनी वेढलेल्या या जिल्ह्याचा बहुतांश भूभाग जंगलाचा आहे. माओवादी हिंसेशी लढण्यासाठी १९९० मध्ये येथे ‘सी-६०’ हे विशेष पोलीस पथक स्थानिक तरुणांमधून उभारण्यात आले. जंगल, वाटा आणि बोली जाणणारा शिपाई बाहेरून आणता येत नाही, हे त्यामागील सूत्र होते. त्यामुळे पोलीस दल हा या भागातील सरकारी नोकरीचा एक मोठा मार्ग ठरला. १९९४ च्या महिला धोरणानुसार राज्यातील शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव झाल्या आणि हा मार्ग मुलींसाठीही रुंदावला.

राज्य पोलीस शिपाई भरतीत स्त्री उमेदवारांची शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. तीत ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि ४ किलोची गोळाफेक यांचा समावेश होतो. सैन्यात अग्निवीर म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या मुलीला १.६ किलोमीटर अंतर पहिल्या गटासाठी साडेसात मिनिटांत, तर दुसऱ्या गटासाठी आठ मिनिटांत पार करावे लागते. शिवाय १० फूट लांब उडी आणि ३ फूट उंच उडी असते. उमेदवारांच्या तोंडी या चाचणीला ‘ग्राउंड’ असे नाव आहे. ‘तिचे ग्राउंड चांगले आहे, लेखीचे बघायचे’ हे वाक्य आपण ऐकले असेल. मैदान या अर्थाचा इंग्रजी शब्द येथे ‘शारीरिक चाचणी’ एवढ्याच अर्थाने स्थिरावला. हे अर्थसंकोचाचे अगदी ताजे उदाहरण होय.

लष्कराची दारे स्त्रियांसाठी टप्प्याटप्प्याने उघडली. लष्करी परिचर्या सेवा आणि वैद्यकीय सेवा यांच्यापलीकडील शाखांत अधिकारी होण्यासाठी स्त्रियांची पहिली तुकडी १९९२ मध्ये चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत दाखल झाली. शिपाई दर्जावर लष्करी पोलीस दलात ८३ स्त्रियांची पहिली तुकडी ८ मे २०२१ रोजी बंगळूर येथे बाहेर पडली. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या अंतरिम आदेशामुळे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा मुलींना देता आली, आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या संचलन मैदानावरून पहिल्या १७ स्त्री कॅडेट पदवी घेऊन बाहेर पडल्या. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळ २०१९ मध्ये सैनिक शाळा सुरू झाली; देशातील सर्व सैनिक शाळांत २०२१-२२ पासून मुलींना प्रवेश मिळू लागला. जंगलपट्टीतील मुलीसाठी ‘सैनिक’ हा शब्द आता केवळ पाठ्यपुस्तकातला राहिलेला नाही.

६.२.३ एक धातू, दोन वाटा

आता मूळ विषयाकडे वळू. ‘सहन’ हा शब्द संस्कृत ‘सह्’ या धातूपासून आला आहे. सहनशील, सहिष्णू, असह्य, सुसह्य ही त्याचीच भावंडे. वैदिक संस्कृतात मात्र या धातूचा ठळक अर्थ ‘मात करणे, जिंकणे’ असा होता. ‘सहस्’ म्हणजे बळ, आणि या ‘सहस्’पासूनच ‘साहस’ हा शब्द तयार झाला. सहन आणि साहस हे एकाच घरातले शब्द आहेत, हे लक्षात आले की पुढील इतिहास अधिक अर्थपूर्ण वाटतो.

स्मृतिग्रंथांत ‘साहस’ म्हणजे बळजोरीने केलेला गुन्हा. आज मराठीत साहस म्हणजे धाडस, पराक्रम. निंदेच्या अर्थाकडून स्तुतीच्या अर्थाकडे झालेला हा प्रवास अर्थोत्कर्षाचे उत्तम उदाहरण आहे. दुसरीकडे ‘सहन’ या शब्दातून जिंकण्याचा अर्थ गळून पडला आणि ‘मुकाट्याने भोगणे’ एवढाच उरला. हा अर्थसंकोच होय. पुढे समाजाने या दोन भावंडांची वाटणी केली. साहस पुरुषाच्या वाट्याला आले, सहन स्त्रीच्या. वृत्तपत्रांतील श्रद्धांजलीचे मजकूर वाचून पाहा. दिवंगत स्त्रीसाठी सोशीक, प्रेमळ, मनमिळाऊ हे शब्द किती वेळा येतात, आणि करारी, धाडसी, कर्तबगार हे कोणासाठी येतात, याची आपण स्वतः नोंद करू शकाल.

‘क्षम्’ धातूचीही अशीच गोष्ट आहे. क्षम् म्हणजे धीराने सोसणे. त्यापासून ‘क्षमा’ आली. पण त्याच धातूपासून ‘क्षम’ म्हणजे समर्थ हे विशेषण, आणि त्यापासून क्षमता, सक्षम, कार्यक्षम हे शब्दही आले. सोसणे आणि समर्थ असणे या दोन कल्पना मुळात एकत्र नांदत होत्या. लष्करी प्रशिक्षणात स्त्रीच्या बाबतीत त्या पुन्हा एकत्र येऊ पाहतात. मात्र त्यासाठी ‘सोसणे’ या शब्दाकडे नीट पाहावे लागेल.

६.२.४ सोसणे, पेलणे, झेपणे, टिकणे

पुढील वाक्ये वाचा.

(अ) तिने फार हाल सोसले.
(आ) तिने वीस किलोचा बोजा पेलला.
(इ) हे अंतर मला झेपते. / हे अंतर मला झेपत नाही.
(ई) ती शेवटच्या फेरीपर्यंत टिकली.

‘सोसणे’ हे सकर्मक क्रियापद आहे, आणि त्याचे कर्म हाल, कळा, अपमान, मार, ऊन असे दुःखदायक असते. ते दुःख बाहेरून आलेले असते. सोसणाऱ्याने ते निवडलेले नसते. ते कधी संपेल हेही वाक्यात नसते. ‘पेलणे’ हेही सकर्मकच. पण त्याचे कर्म भार, जबाबदारी, आव्हान असे असते. पेलणाऱ्याचे सामर्थ्य त्या क्रियेत गृहीत धरलेले असते. ‘झेपणे’ची रचना सर्वांत वेगळी आहे. येथे काम हा कर्ता होतो आणि व्यक्ती ‘मला’, ‘तिला’ अशा चतुर्थीच्या रूपात येते. काम आणि माणसाची आजची ताकद यांचे माप हे क्रियापद घेते. ‘झेपत नाही’ असे म्हणताना व्यक्ती स्वतःला दोष देत नाही. ती एक मोजमाप सांगते. ‘टिकणे’ हे अकर्मक आहे आणि त्याबरोबर बहुधा मर्यादा येते : शेवटपर्यंत, तीन तास, सहा महिने.

प्रशिक्षणाची भाषा पेलणे, झेपणे आणि टिकणे यांची आहे. अमुक अंतर, अमुक वजन, अमुक वेळ, अशा रीतीने ती मोजता येते आणि वाढविता येते. ‘सोसणे’ मोजता येत नाही. आपल्याकडील मुलगी मात्र लहानपणापासून मुख्यतः सोसण्याची भाषा शिकलेली असते. याची किंमत काय असते, ते गडचिरोलीतच एका अभ्यासाने दाखवून दिले आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्याचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. त्यांपैकी कशासाठीही पूर्वी तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. त्यांच्याजवळ उपचार पोहोचले नव्हते, हे एक कारण. दुखणे अंगावर काढायचे असते, ही शिकवण हे दुसरे. ‘अंगावर काढणे’ या वाक्प्रचाराला ‘सोसणे’ या क्षेत्रात फार मोठी जागा आहे. सोसण्याला समाजाने गुण म्हटले, म्हणून आजार लपून राहिले.

हीच सवय घेऊन मुलगी मैदानावर येते. नडगी दुखत असताना ती बोलत नाही, मासिक पाळीत पोटात कळा येत असताना बोलत नाही, चक्कर आली तरी बोलत नाही. प्रशिक्षक तिला शाबासकी देतात : ‘कधी तक्रार करत नाही.’ अशा शाबासकीत धोका असतो, हे पुढील भागात स्पष्ट होईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
रिकाम्या जागा भरा.
(१) ‘साहस’ या शब्दाचा आजचा अर्थ ______ या अर्थपरिवर्तनाचे उदाहरण आहे.
(२) ‘क्षमा’ आणि ‘क्षमता’ हे दोन्ही शब्द ______ धातूपासून आले आहेत.
(३) ‘मला हे अंतर झेपते’ या वाक्यात कर्ता ______ हा आहे.

६.२.५ दम : श्वास आणि निग्रह

मराठीत ‘दम’ हे दोन शब्द एका रूपात आले आहेत. फारसीतील ‘दम’ म्हणजे श्वास. त्यापासून दम लागणे, दम घेणे, दमछाक, दमा हे शब्द आले. संस्कृतातील ‘दम’ म्हणजे इंद्रियनिग्रह. ‘शम-दम’ या जोडीत तो आढळतो. ‘दम धरणे’ या वाक्प्रचारात दोघेही हजर आहेत. तेथे श्वास राखणेही आहे आणि मनाला आवरणेही आहे. ‘दमसास’ या शब्दात फारसी ‘दम’ आणि श्वासाचे तद्भव रूप ‘सास’ जोडीने उभे आहेत.

शारीरिक टिकाव हा मुळात श्वासाचा, म्हणजेच प्राणवायूच्या पुरवठ्याचा प्रश्न आहे. फुप्फुसांनी घेतलेला प्राणवायू रक्तातील हिमोग्लोबिन वाहून नेते, हृदय तो स्नायूंपर्यंत पोहोचवते. नियमित सरावाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि स्नायू प्राणवायू अधिक चांगला वापरू लागतात. तेच अंतर मग कमी धापेत पार होते. म्हणजे दम कमावता येतो. तो जन्मतः मिळालेल्या सोशीकपणावर अवलंबून नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘आमच्या मुली रोवणीला दिवसभर चिखलात वाकून असतात, मोहफुले वेचायला अंधारात निघतात, तेंदूपाने तोडून डोक्यावर गठ्ठे आणतात, त्यांना वेगळ्या सरावाची गरज काय?’ असे अनेकदा म्हटले जाते. या कामांनी अंगी काटकपणा येतो, हे खरे. परंतु शरीर ज्या हालचालीचा सराव करते, त्याच हालचालीत सुधारते. दिवसभर संथ गतीने केलेले काम ८०० मीटरच्या तीव्र धावेची तयारी करून देत नाही. शिवाय त्या कामानंतर पुरेसा आहार आणि विश्रांती मिळाली नाही, तर शरीर भरून येत नाही, झिजत जाते. ‘मेहनत’ या शब्दाचे अरबी मूळ ‘हालअपेष्टा, कसोटी’ असा अर्थ सांगते, तर ‘व्यायाम’ या संस्कृत शब्दाच्या मुळाशी ‘ताणणे, विस्तारणे’ ही कल्पना आहे. पहाटे मेहनत आणि सायंकाळी व्यायाम करणाऱ्या मुलीच्या घरच्यांनी हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

दम कमावण्याचे तत्त्व साधे आहे : भार थोडा वाढवावा, शरीराला सावरू द्यावे, पुन्हा वाढवावा. सुधारणा विश्रांतीच्या काळात घडते. मात्र शरीराचे सर्व भाग एकाच वेगाने सुधारत नाहीत. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. हाडे त्यांच्या मागे असतात. दम आला म्हणून मुलगी अंतर झपाट्याने वाढवते, आणि नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला बारीक चीर पडते. डॉक्टर तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. सारख्याच प्रशिक्षणात ही दुखापत पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होते, असे अनेक देशांच्या सैन्यांचा अनुभव सांगतो. खर्चाच्या मानाने अपुरा आहार आणि त्यामुळे अनियमित होणारी पाळी ही त्याची महत्त्वाची कारणे मानली जातात. सुरुवातीला दुखणे एका ठिकाणी, धावताना होते. तेव्हाच थांबल्यास हाड काही आठवड्यांत भरून येते. सोसत राहिल्यास हाड पूर्ण मोडू शकते आणि भरतीचे वर्ष हातचे जाते.

या दोन जिल्ह्यांच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, रक्तक्षय. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर जिद्द कितीही असली तरी दम लवकर तुटतो. तेव्हा ‘मन लावून धाव’ या सल्ल्याआधी रक्ततपासणी करणे योग्य. दुसरी, सिकलसेल. विदर्भातील अनेक समाजांत हा आनुवंशिक दोष आढळतो. तो एकाच पालकाकडून आला असेल, तर एरवी त्रास जाणवत नाही; पण अतिश्रम, उष्णता आणि पाण्याची कमतरता एकत्र आल्यास जिवाला धोका होऊ शकतो. तिसरी, ऊन. चंद्रपूर परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. सराव पहाटे करणे आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पिणे हा कमकुवतपणा नाही, ती शिस्त आहे.

शिस्तीचे हे दुसरे अंग कवायतीच्या शब्दांतही आहे. ‘सावधान’ या आज्ञेची जोड ‘विश्राम’ या आज्ञेशी आहे. कवायतीत विश्रामसुद्धा आज्ञेनेच मिळतो आणि तोही नीट उभे राहून घ्यायचा असतो. प्रशिक्षणाच्या आराखड्यात विश्रांतीचे स्थान असेच असते.

६.२.६ चिकाटी आणि जिद्द

दम शरीराचा, तर चिकाटी काळाशी जोडलेली. ‘चिकाटी’ हा शब्द चीक, चिकट, चिकटणे या कुळातला आहे. धरलेले न सोडणे हा त्यातील मूळ भाव. ‘जिद्द’ अरबीतून फारसीमार्गे आली. हिंदीत ‘जिद’ म्हणजे बव्हंशी हट्ट. मराठीत मात्र ‘जिद्दी मुलगी’ ही स्तुती आहे आणि ‘हट्टी मुलगी’ ही तक्रार. जिद्द एखाद्या क्षणी पेटू शकते. चिकाटी महिनोन् महिने पुरवावी लागते. प्रशिक्षणाला दोन्ही लागतात, पण दैनंदिन भार चिकाटीच वाहते.

चंद्रपूर जिल्ह्यातील ‘मिशन शौर्य’ हा उपक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तो सैनिकी प्रशिक्षणाचा नव्हता, पण टिकाव कमावण्याचा होता. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासन यांनी आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांची निवड करून त्यांना टप्प्याटप्प्याने गिर्यारोहणाचे शिक्षण दिले. मे २०१८ मध्ये त्यांच्यापैकी पाच जण एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. त्यांत मनीषा धुर्वे ही विद्यार्थिनी होती. ज्या जिल्ह्यात बर्फ पडत नाही आणि उंच पर्वत नाहीत, तेथील मुलगी ८,८४८ मीटर उंचीवर पोहोचते, यात काटकपणाचा वाटा असेलच. परंतु निवड, वैद्यकीय तपासणी, पोषण, उंचीची शरीराला हळूहळू सवय करून देणे आणि वेळेवर माघारी वळण्याचे शिक्षण यांचाही वाटा तेवढाच आहे. गिर्यारोहणात ‘आज झेपत नाही’ असे म्हणून खाली येणे हे कौशल्य मानले जाते.

दुसरे उदाहरण साताऱ्याकडचे. कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमध्ये कुपवाडा येथे हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी सैन्यात जाण्याचा निश्चय केला. वयोमर्यादेत सवलत मिळाली, निवड परीक्षा मात्र त्यांना इतरांप्रमाणेच द्यावी लागली. दोन मुलांची आई असलेल्या स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीतील प्रशिक्षण पूर्ण करून ९ सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट झाल्या. भाषेच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट टिपावी. वीरमाता, वीरपत्नी या सामासिक शब्दांत वीर दुसरा कोणी असतो. स्त्रीला मान मिळतो तो नात्यामुळे. ‘लेफ्टनंट’ या शब्दात नाते नाही. तो हुद्दा आहे, आणि तो तिने स्वतः कमावलेला आहे. वीरपत्नी या शब्दाकडून लेफ्टनंट या शब्दाकडे जाताना त्यांनी जे केले, ते सोसणे आणि पेलणे यांतील अंतर आहे. पतिवियोग त्यांनी निवडला नव्हता. प्रशिक्षण निवडले होते.

६.२.७ कवायतीची भाषा आणि स्त्री

‘कवायत’ हा शब्द अरबी ‘कवाइद’चे मराठी रूप आहे. ते ‘कायदा’ या शब्दाचे अनेकवचन. कवायत म्हणजे नियम. उर्दूत व्याकरणालाही हाच शब्द आहे. म्हणजे व्याकरण शिकणारे आपण आणि पावले जुळवणारी शिपाई, दोघेही एका अर्थी कवायतच करीत आहोत. ‘तालीम’ म्हणजे अरबीत शिक्षण. मराठीत ती कुस्तीचा आखाडा झाली. नवा भरती झालेला शिपाई म्हणजे ‘रंगरूट’, हा इंग्रजी ‘रिक्रूट’चा देशी अवतार.

महाराष्ट्रात कवायतीच्या आज्ञा हिंदीत दिल्या जातात : दाहिने मूड, तेज चल, थम. गडचिरोलीत मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली आणि छत्तीसगढी बोलली जाते. गोंडी व माडिया या द्राविडी कुळातील भाषा आहेत. भामरागडची मुलगी घरी माडिया, शाळेत मराठी आणि मैदानावर हिंदी ऐकते. आज्ञेला क्षणात प्रतिसाद देणे हे कवायतीचे मर्म. तेव्हा तिचे पाऊल अर्धा क्षण उशिरा पडले, तर ते मंदपणाचे लक्षण समजू नये. ती त्या क्षणात एक भाषा ओलांडत असते. काही आठवड्यांत आज्ञा भाषा न राहता केवळ ध्वनिसंकेत होते आणि हा विलंब नाहीसा होतो. दुखणे सांगण्याच्या बाबतीत मात्र भाषेचा अडसर अधिक काळ टिकतो. ‘कळ’, ‘ठणका’, ‘चमक’, ‘आग’ हे वेदनेतील भेद तिला आपल्या बोलीत सांगता येतात, परक्या भाषेत ‘दुखते’ एवढेच. म्हणून प्रशिक्षण देणाऱ्यांत तिची बोली जाणणारी एखादी व्यक्ती असणे उपयुक्त ठरते.

शेवटी लिंगभावाचा प्रश्न. ‘मर्दानी’ हा शब्द फारसी ‘मर्द’वरून आला. स्त्रीच्या शौर्याची स्तुती करताना तो पुरुषाचे माप लावतो. ‘रणरागिणी’ हा शब्द तिला क्षणिक संतापाची मूर्ती करतो. रोज पहाटे उठून धावणाऱ्या मुलीला तो बसत नाही. ‘शिपाई’, ‘हवालदार’, ‘कमांडो’, ‘कॅडेट’ हे शब्द मात्र ‘तो’ आणि ‘ती’ या दोघांनाही चालू लागले आहेत. ‘ती शिपाई आहे’ हे वाक्य आज खटकत नाही. अर्थक्षेत्राची फेरमांडणी अशा साध्या वाक्यांतून होत असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मराठीतील ‘दम’ या शब्दरूपात कोणते दोन मूळ शब्द एकत्र आले आहेत?
(२) ‘वीरपत्नी’ आणि ‘लेफ्टनंट’ या शब्दांत कोणता अर्थभेद आहे?

६.३ सारांश

सहन व साहस, तसेच क्षमा व क्षमता या जोड्या प्रत्येकी एकाच धातूपासून आल्या आहेत. व्यवहारात मात्र सोसण्याचे शब्द स्त्रीकडे आणि सामर्थ्याचे शब्द पुरुषाकडे गेले. लष्करी व पोलीस प्रशिक्षण घेणाऱ्या स्त्रिया ही वाटणी मोडीत आहेत. सोशीकपणा निवड आणि मर्यादा मानत नाही; दम मोजून, टप्प्याटप्प्याने, आहार व विश्रांतीच्या आधारे कमावला जातो. म्हणून ‘झेपत नाही’ आणि ‘दुखते आहे’ ही वाक्ये प्रशिक्षणाच्या विरोधात नसून प्रशिक्षणाचाच भाग आहेत. ‘शिक्षण’ या शब्दामागील ‘शिक्ष्’ हे रूप ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे या धातूचे इच्छार्थक रूप आहे. ‘समर्थ होण्याची इच्छा’ हा त्याचा मूळ अर्थ. संसार आणि नोकरी सांभाळून ही पुस्तिका वाचणाऱ्या विद्यार्थ्याला आणि पहाटे मैदानावर उतरणाऱ्या मुलीला तो सारखाच लागू पडतो.

६.४ पारिभाषिक शब्द

अर्थक्षेत्र : एका विषयाशी निगडित आणि परस्परांच्या अर्थसीमा ठरवणाऱ्या शब्दांचा समूह.
अर्थोत्कर्ष : हीन अर्थाकडून चांगल्या अर्थाकडे झालेले परिवर्तन.
अर्थसंकोच : व्यापक अर्थाकडून मर्यादित अर्थाकडे झालेले परिवर्तन.
इच्छार्थक : क्रिया करण्याची इच्छा दाखवणारे धातूचे रूप.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) अर्थोत्कर्ष (२) क्षम् (३) अंतर
प्रश्न २ : (१) फारसी ‘दम’ म्हणजे श्वास आणि संस्कृत ‘दम’ म्हणजे इंद्रियनिग्रह. (२) ‘वीरपत्नी’ हा शब्द नात्यामुळे मिळणारा मान सांगतो, तर ‘लेफ्टनंट’ हा शब्द स्वतः कमावलेला हुद्दा सांगतो.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) ‘सोसणे’ आणि ‘पेलणे’ या क्रियापदांतील अर्थभेद त्यांच्या कर्मांच्या आधारे स्पष्ट करा.
(२) ‘काटकपणा म्हणजे दम नव्हे’ या विधानाची चर्चा करा.
(३) टीपा लिहा : अ) ‘साहस’ शब्दाचा अर्थविकास आ) कवायतीची शब्दसंपत्ती

६.७ क्षेत्रीय कार्य

(१) आपल्या भागातील वृत्तपत्राच्या एका महिन्याच्या अंकांतून श्रद्धांजलीचे मजकूर गोळा करा. स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वापरलेल्या विशेषणांची दोन स्वतंत्र कोष्टके करून निष्कर्ष लिहा.
(२) भरतीची तयारी करणाऱ्या किंवा पोलीस दलात असलेल्या एका स्त्रीशी, तिची संमती घेऊन, संवाद साधा. थकवा, दुखणे आणि विश्रांती यांसाठी ती स्वतःच्या बोलीत कोणते शब्द वापरते, याची यादी करा. त्यांपैकी कोणते शब्द तिने प्रशिक्षकासमोर कधी उच्चारले आहेत, हे विचारण्यास विसरू नका.